सात ते पावणेआठ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलापाशी नाही. देवापुढे हात जोडून उभी राहिले तेव्हाही मी आजूबाजूचंच काहीबाही बोलत राहिले — हे सोडून. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही तेच म्हणाला असता, जे ठाण्यातले, कल्याणचे, डोंबिवलीचे आमचे सगळे म्हणतात — काय केलं हो हिने सासूचं, पोटची मुलगी करणार नाही इतकं केलं.

केलं. ते खोटं नाही. अडीच वर्षं केलं. पण —

थांबा. आधी धावण्याचं सांगते. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी मूळची डोंबिवलीची. ऐंशीच्या दशकात, कॉलेजात असताना, मी धावायचे. तीन हजार मीटर. तेव्हा मुलीने रस्त्यावरून धावायचं म्हणजे लोक थांबवून विचारायचे, काय झालं, कोणी मागे लागलंय का? म्हणून बाबा सायकलवर मागून यायचे. शीळफाट्याकडे जाणारा रस्ता तेव्हा सकाळी मोकळा असायचा, दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच एखादा ट्रक. बाबा मागून एकच सांगायचे, "खांदे सैल सोड." विद्यापीठाच्या स्पर्धेत एकदा तिसरी आले, त्यापलीकडे माझी मजल गेली नाही. पण धावताना डोकं जसं रिकामं व्हायचं तसं मला दुसऱ्या कशाने कधी झालं नाही. ना पूजेने, ना गाण्याने, ना — खरं सांगायचं तर — लग्नाने.

लग्न होऊन ठाण्याला आले, नौपाड्यात. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी. बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाईंनी विचारलं होतं, "छंद काय तुझा?" मी म्हटलं, धावणं. त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. आमच्या घरात धावपळ पुष्कळ आहे." टोमणा नव्हता तो. त्या तशाच बोलायच्या. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, वाणी स्वच्छ, एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखा. मी त्यांना आई म्हणायचे. नोकरीला लागले तेव्हा माझा डबा त्यांनी भरला. अमेय झाला तेव्हा चाळीस दिवस मला पाण्यात हात घालू दिला नाही. त्यांनी मला छळलं असतं तर हे सांगणं किती सोपं झालं असतं. नाही हो छळलं.

धावणं मात्र सुटलं. कोणी बंद केलं नाही, आपोआप सुटलं. सकाळी सातची वेळ घरात डब्यांची असते.

अमेयची मुंज डोंबिवलीला, माझ्या माहेरच्या ओळखीच्या हॉलमध्ये झाली. श्रीकांत, माझा नवरा, तेव्हा मस्कतला नोकरीला होता. तो पंधरा दिवसांसाठी आलेला. मातृभोजनाला अमेय माझ्या ताटात जेवत होता आणि आई समोर उभ्या राहून त्याला बजावत होत्या, "नीट जेव रे बटू, हे आईच्या ताटातलं शेवटचं." सगळ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. त्यानंतर महिन्याभराने, सकाळी पेपर वाचताना आईंच्या हातातला कप खाली पडला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, काय सांडलं? उत्तर आलं नाही.

उजवी बाजू गेली. आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की त्यांना सगळं कळतंय, ऐकू येतंय, फक्त शब्द बाहेर येणार नाहीत. एक शब्द तेवढा उरला होता. "अगं." भूक लागली तरी अगं, लघवीला झाली तरी अगं, टीव्ही बंद कर तरी अगं. अमेयलाही अगंच. तो सुरुवातीला हसायचा, म्हणायचा, "आजी, मी मुलगा आहे." मग त्याही हसायच्या, अर्ध्या चेहऱ्याने. इतकं नेमकं बोलणाऱ्या बाईकडे देवाने एवढाच शब्द ठेवला.

श्रीकांत रजा काढून आला, आणि परत गेला. त्याचं काँट्रॅक्ट होतं, जावंच लागणार होतं. नणंद, वसुधाताई, कल्याणला. तिची शाळेतली नोकरी, तिच्या घरी तिचे आजारी सासरे. एक रविवार सोडून एक रविवार ती यायची. मी नोकरी सोडली. हे सगळं इतकं सरळ ठरलं की ते ठरवताना कोणी बसलंसुद्धा नाही. कोणाला दोष देऊ?

आठ वाजता आईंचं करायला कामाला सुगंधा यायची. चेंदणी कोळीवाड्यातली, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. ती आणि मी मिळून आईंना कुशीवर वळवायचो, अंघोळ घालायचो, चादर बदलायचो. ती गेली की मी आणि आई. दुपारी अमेय. संध्याकाळी अमेयचा अभ्यास, आईंचा व्यायाम, औषधं. शुक्रवारी श्रीकांतचा फोन. पुन्हा सकाळ. एकदा हिशेब लागला की मी एकवीस दिवस जिना उतरलेलेच नव्हते, अमेयला शाळेच्या रिक्षात बसवण्यापुरतं सोडून. गॅलरीत उभी राहून खाली माणसं चालताना बघायचे. नुसती चालतायत, हातात पिशवी घेऊन, कुठेतरी जातायत. मला त्यांचा राग यायचा. तुम्हाला कधी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा राग आलाय?

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत श्रीकांत आला तो दोन वस्तू घेऊन. एक मोबाईल — तेव्हा आमच्या सोसायटीत कोणाकडे नव्हता. चांगला जाडजूड, वर शेपटासारखी अँटेना. शेजारचे बघायला आले. आणि दुसरा, घरच्या फोनसाठी नवीन सेट, मोठ्या बटणांचा, स्पीकरवाला. त्याच्या पहिल्या बटणात त्याने मोबाईलचा नंबर भरून ठेवला आणि त्या बटणावर माझी एक लाल टिकली चिकटवली. सेट आईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर, डाव्या हाताला. म्हणाला, "आई, ही टिकली दाबायची. रिसीव्हर उचलायलाही नको. हिच्या पर्समध्ये वाजेल. ही बाजारात असली तरी धावत येईल." आईंनी चार वेळा दाबून बघितलं. चारही वेळा स्वयंपाकघरात माझ्या हातात मोबाईल वाजला, आणि आम्ही सगळे हसलो. माझ्यासाठी आणलं होतं हो त्याने. मला भाजी आणायला तरी जाता यावं म्हणून.

आता कधी कधी वाटतं, तो फोन नसता तर मी गेलेच नसते. पण हे म्हणजे खापर फोनवर फोडणं झालं.

श्रीकांत मस्कतला परतला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सातला पाच कमी असताना अमेयला रिक्षात बसवलं. रिक्षा गेली. मी जिन्याकडे वळायचं — आणि वळलेच नाही. मोबाईल हातातच होता, वर कुलूप लावलेलं होतं. सरळ चालत सुटले. तलावपाळीला ओळखीचे खूप भेटतात म्हणून उलट्या दिशेने, कचराळी तळ्याकडे. तिथे पोचेपर्यंत पाय आपले आपण धावायला लागले होते. पायात घरातल्या चपला. एक फेरी मारली आणि छातीत कळ आली, बसले, आणि किती वर्षांनी कोण जाणे, मोठ्याने हसले.

चौथ्या दिवशी कॅनव्हासचे बूट घेतले. घरात ठेवले नाहीत. जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे. सात ते पावणेआठ — एवढीच वेळ. सुगंधा यायच्या आत घरी, घाम पुसून, गॅसवर चहा. श्रीकांतला सांगितलं नाही, वसुधाताईला नाही. काय सांगणार होते? तुमच्या आईला कुलपात ठेवून मी तळ्याभोवती धावते? आईंना मी म्हणायचे, "आई, दूध घेऊन येते." रोज. त्या माझ्याकडे बघायच्या. दूध तर पिशवीवाला सहालाच दाराला अडकवून जायचा, आणि त्याची पिशवी दाराला घासल्याचा आवाज त्यांच्या पलंगापर्यंत स्पष्ट यायचा.

पहिला दीड महिना फोन एकदाही वाजला नाही. मी चार फेऱ्यांवर आले, मग पाच. खांदे सैल सुटायला लागले. घरी माझी चिडचिड कमी झाली, अमेयही म्हणाला, आई हल्ली ओरडत नाहीस. मी आईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले. बघा, सगळ्यांचं भलंच होत होतं — असं मी स्वतःला सांगत असे.

मग एका सकाळी वाजला. तिसऱ्या फेरीला. मी घराकडे धावत सुटले, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले, कुलूप काढलं. आई शांत पडल्या होत्या. "काय झालं?" "अगं." हाताने खिडकी दाखवली. पडदा. ऊन तोंडावर येत होतं. मी पडदा सरकवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पांघरूण. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काही नाही, नुसतं अगं. मग रोजचंच झालं. तिसऱ्या फेरीला वाजायचा, मग दुसऱ्या फेरीला वाजायला लागला. एकदा मी धावता धावताच उचलला. तिकडून त्यांचा आवाज, स्पीकरमुळे विहिरीतून आल्यासारखा — "अगं." मी म्हटलं, "आई, येते ना. दोन मिनिटं." पुन्हा, "अगं."

त्यांना भीती वाटत असेल का? एकटी बाई, बंद घर, अर्धं शरीर निकामी. की त्यांना माझं जाणं माहीत होतं आणि आवडत नव्हतं? की फक्त मी येते की नाही ते बघायचं होतं? ज्यांना हे विचारायचं त्यांना उत्तर देता येत नव्हतं, आणि जिने विचारायचं होतं तिने — म्हणजे मी — विचारलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की माझी पंचेचाळीस मिनिटं होती, त्यांची पंधरा झाली. जे काही माझं एकटीचं होतं, त्यालाही आता एक दोरी बांधलेली होती आणि तिचं टोक त्यांच्या डाव्या हातात होतं. मी त्या दोरीवर चिडले. मग हातावर. मग —

आता येते मी तिथे.

थंडीचे दिवस होते, तळ्यावर धुकं. अंग हलकं होतं. कधी कधी पहिल्या पावलालाच कळतं, आज चांगलं धावणं होणार. पहिली फेरी संपली, दुसरी अर्धी झाली, आणि ओढणीत गुंडाळलेला मोबाईल वाजायला लागला. तो नंबर चार माणसांना ठाऊक होता, आणि त्या वेळेला फोन करणारं एकच माणूस होतं. म्हणजे कोणाचा ते कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मी थांबले. हातात घेतला. तो वाजत होता. मी लाल बटण दाबलं आणि दाबूनच धरलं, पडद्यावरचा हिरवा उजेड जाईपर्यंत.

बंद केला. चुकून नाही, ओल्या हाताने नाही. बंद केला.

आणि त्यानंतर मी जे धावले — हे सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते — तसं मी कॉलेजातही धावले नव्हते. सहा फेऱ्या. श्वास एकसारखा, पाय जमिनीला लागतायत की नाही असे. डोक्यात काही नाही. आई नाहीत, अमेय नाही, मस्कत नाही. मी सुखात होते. त्या अर्ध्या तासाइतकी सुखात मी पुढे कधीच नव्हते.

घरी आले तर सुगंधा जिन्यावर बसलेली. तिला दुसऱ्या कामाला जायचं होतं म्हणून लवकर आली होती. दाराला कुलूप. मला बघून उठली. माझे बूट बघितले.

"वैनी, आतून आवाज येतंय," ती म्हणाली. "मगाधरनं. कोन बाई इंग्रजीत बोलतंय, परत परत तेच. मना वाटला टीवी चालू हाय."

टीव्ही नव्हता. मोबाईल बंद असला की कंपनीची एक बाई सांगायची, हा फोन बंद आहे, थोड्या वेळाने करा. म्हणजे आईंनी पुन्हा दाबलं होतं. पुन्हा पुन्हा. माझ्याऐवजी ती बाई बोलत होती.

कुलूप उघडलं. आई पलंगाखाली जमिनीवर. स्टूल आडवं, फोन त्यांच्या कुशीपाशी ओढलेला, वायर ताणलेली. चादर ओली, जमीन ओली. उजवा पाय विचित्र वळलेला. डोळे उघडे, माझ्यावर.

मला आजही माहीत नाही — पहिली घंटा वाजली तेव्हा त्या पलंगावर होत्या की जमिनीवर? आधी पडल्या आणि जमिनीवरून मला बोलावत होत्या? की मी फोन बंद केला म्हणून पुन्हा पुन्हा दाबताना सेट जवळ ओढायला गेल्या आणि पडल्या? या दोन्हींत फरक आहे का? मी वर्षानुवर्षं या दोन्हींच्या मध्ये येरझाऱ्या घातल्यात. फरक सापडलेला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलात वसुधाताई कल्याणहून दुपारच्या आत पोचली. स्ट्रेचरवर आई, एका बाजूला मी, एका बाजूला सुगंधा. ताईने मला जवळ घेतलं. "झालं कसं गं? तू कुठे होतीस?"

"बाथरूममध्ये होते," मी म्हटलं. "पाच मिनिटं. बाहेर येऊन बघते तर —"

एकदाही न अडखळता. आणि कोणासमोर? जिला सगळं ठाऊक होतं आणि जी एक शब्द सोडून काही बोलू शकत नव्हती, तिच्या उशाशी उभी राहून. आईंनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं. "अगं," त्या म्हणाल्या. मग ताईकडे बघून, "अगं. अगं." डावा हात उचलून माझ्याकडे दाखवत, पुन्हा पुन्हा, जोरात. कपाळाच्या शिरा फुगल्या. मी तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाईला एक वाक्य जुळवण्यासाठी झगडताना बघत होते, आणि मनात म्हणत होते — जुळू नये.

ताईचे डोळे भरून आले. "बघ," ती मला म्हणाली, "एवढ्या दुखण्यातही तुलाच हाका मारतेय."

संध्याकाळी सुगंधा घरी जायला निघाली तेव्हा मी तिला बाहेर गाठलं. काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "वैनी, मी कोनाला काय सांगनार नाय. तुमच्या घरची गोष्ट हाय. पन म्हातारी आयकत होती ना." एवढंच. नंतर तिने ते कधी काढलं नाही. आईंचं सगळं आधीसारखंच मायेने करायची. फक्त माझ्याकडचा चहा घेणं तिने बंद केलं. म्हणायची, सोडलाय.

शुक्रवारी श्रीकांतचा फोन. त्यालाही तेच, बाथरूम, पाच मिनिटं. तो म्हणाला, "तू स्वतःला दोष देऊ नकोस. एकटी किती बघणार?" त्याचा आवाज भरून आला होता. मला वाटलं, आता सांगावं. याला सांगावं. तेवढ्यात तो म्हणाला, "तू आहेस म्हणून मी इथे राहू शकतो." मग कसं सांगणार? — नाही. सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

खोट्याला मी पाच मिनिटांचं समजले होते. पण ते घरात राहायला आलं. येणाऱ्या प्रत्येकाला ताई ते सांगायची. बिचारी अंघोळीलाही निवांत जाऊ शकत नाही हो. ऐकणारे माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी चहा द्यायचे.

त्याच उन्हाळ्यात आईंची पंच्याहत्तरी आली. ऑपरेशन झालेलं, पण त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. ताई म्हणाली, तरीही करू, कोण जाणे पुढचं. श्रीकांत रजा काढून आला. जवळच्याच एका छोट्या हॉलमध्ये, चाळीस-पन्नास माणसं. आईंना नऊवारीसारखी गुंडाळलेली मोतिया साडी, चाकांच्या खुर्चीत. पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळलं. मग श्रीकांतचे एक काका उठले. आईंबद्दल बोलले आणि मग माझ्याबद्दल. फार बोलले. सेवा, त्याग, आजच्या काळात. ताईने मला पुढे बोलावून शालू दिला, टाळ्या झाल्या. मी वाकून आईंना नमस्कार केला तेव्हा ताई म्हणाली, "आई, आपल्या सुनेला पेढा भरव. तुझ्या हाताने."

आईंच्या डाव्या हातात पेढा दिला. मी त्यांच्या पायाशी गुडघ्यांवर बसून तोंड वर केलं. फोटोग्राफरने कॅमेरा धरला. आईंनी पेढा घेतला आणि मूठ मिटली. सगळे थांबले. "आई, भरव ना," श्रीकांत हळूच म्हणाला. मूठ तशीच. त्या माझ्याकडे बघत होत्या — रागाने नाही, कशानेच नाही, शाळेत उत्तर न देणाऱ्या मुलाकडे बाई बघतात तशा. मग ताईच हसून म्हणाली, "राहू दे, हातात जोर नाही तिच्या." आणि दुसरा पेढा तिनेच मला भरवला. फोटो तो आहे.

डाव्या हातात जोर होता. त्याच हाताने त्या रोज माझं मनगट धरून उठून बसायच्या. घरी आल्यावर मी त्यांचा हात कोमट पाण्यात धरला आणि एकेक बोट सोडवलं. पेढा चोळामोळा होऊन रेषांमध्ये बसला होता. मी धूत होते, त्या छताकडे बघत होत्या. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. आईंना वर पोचवून श्रीकांत अमेयला घेऊन हॉलवर परतला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. आई, मी फोन बंद केला होता — सहाच शब्द. मी टॉवेल आणला.

पुढच्या दिवाळीआधी त्या गेल्या. दुपारी, झोपेत. मी शेजारीच होते, त्यात काही लपवण्यासारखं नाही. तेराव्याला ताई माझ्या गळ्यात पडून रडली. अजूनही कुठल्या लग्नामुंजीत भेटली की नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगते, हिच्याकडून शिका. श्रीकांत कायमचा परत आला, आता निवृत्त झाला. पंच्याहत्तरीचा तो फोटो त्यानेच फ्रेम करून भिंतीवर लावला. जेवताना माझ्या समोर येतो.

इथवर सांगून थांबले असते तर तुम्ही कदाचित म्हणाला असता, एका सकाळची चूक. एकदा संयम सुटला, माणूस आहे. म्हणूनच उरलेलं सांगायला हवं.

पंच्याहत्तरी झाली, श्रीकांत परत गेला. जूनमध्ये अमेयची शाळा सुरू झाली. सोमवारी त्याला रिक्षात बसवून मी वर आले. आई जाग्या होत्या. स्टुलावर फोन, टिकली अजून तशीच. मी तो सेट उचलला, वायर सोडवत सोडवत कपाटापर्यंत नेला आणि वर ठेवला, जिथे त्यांचाच काय, अमेयचाही हात पोचला नसता. आई बघत होत्या. अगंसुद्धा म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, "आई, दूध घेऊन येते." बाहेरून कुलूप लावलं आणि खाली जाऊन बूट घातले.

पाच फेऱ्या मारल्या. परत आले, त्यांचं तोंड पुसलं, चहा पाजला. त्या जाईपर्यंत, अमेयची शाळा असेल तेवढे दिवस, रोज.